चेन नंबर ५२०

सकाळी ६.५०
शटर कमरेइतकंच वर जातं आणि अडकतं. मिस्त्री खाली वाकतात, खांदा लावतात, एक हिसका देतात, तेव्हा ते कुरकुरत पुढे सरकतं. पांढरकवडा गावातून महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गॅरेज. दहा बाय पंधराची पत्र्याची शेड, महिन्याला साडेचार हजार भाडं. आत एक कॉम्प्रेसर, एक लाकडी बाक, डिझेलचा ट्रे. भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले, आठपासून बत्तीसपर्यंत ओळीनं. हाताखालचा पोरगा एकोणीस वर्षांचा. तो झाडतो आणि धूळ बसावी म्हणून दारात पाणी मारतो. डिसेंबर २०२५. थंडी आहे, पाणी लवकर वाळत नाही.

माझी गाडी काल रात्रीपासून दारातच उभी आहे. पैनगंगेचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलो आणि मागच्या चाकातून घरघर सुरू झाली. पिंपळखुटी, पाटणबोरी, पांढरकवडा हे अंतर तिशीच्या वेगानं कापलं. लॉजवर एका रात्रीचे ८०० रुपये दिले.

"कोठून येऊन राहिले?"

"कन्याकुमारी."

"एकटेच?"

"एकटाच."

मिस्त्री मान डोलावतात. कन्याकुमारीबद्दल एक शब्द विचारत नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारतात.

७.१५
पहिलं गिऱ्हाईक दूधवाला. दोन्ही बाजूंना कॅन, मागे आणखी एक. डेअरी आठला माप घेणं बंद करते, म्हणून तो गाडीवरून उतरतच नाही. चेन ढिली झालीय, खड्ड्यात उडते. मिस्त्री कॅन काढायला लावतात. भरल्या वजनावर चेन ताणली की गाडी रिकामी झाल्यावर ती पुन्हा ढिली पडते, असं त्यांचं म्हणणं. मागच्या चाकाचा नट सैल, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवले, अंगठ्यानं चेन दाबून पाहिली, नट घट्ट. सहा मिनिटं. ४० रुपये. दूधवाला वीसच्या दोन नोटा देतो. त्या ओल्या असतात.

७.४०
आता माझी गाडी. दोघांनी मिळून ती मधल्या स्टँडवर चढवली. मिस्त्रींनी मागचं चाक वर-खाली धरून हलवलं. खट्, खट्. मग हातानं फिरवलं आणि कान लावला.

"बेअरिंग गेलं. चेनही संपली. अन् हे पाहा."

टायरकडे बोट. मधला पट्टा सपाट, घासून गुळगुळीत. दोन्ही कडांच्या नक्षीला मात्र हातही लागलेला नाही. रबराचे बारीक केससुद्धा तसेच.

"सरळच गेले नं तुम्ही? वळणं नसतील."

खरं होतं. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगर ते कन्याकुमारी. २०१० साली नवे क्रमांक येण्याआधी याचा बराचसा भाग सात नंबरचा होता, वाराणसी ते कन्याकुमारी. इथले जुने लोक अजून 'सात नंबर'च म्हणतात. हैदराबाद सोडलं की महबूबनगर, कर्नूल, अनंतपूर. तासन्‌तास हँडल वळवायची वेळ येत नाही. मी कॅमेऱ्यात सूर्योदय भरून आणले होते. तो सरळ रस्ता मात्र टायरनं नोंदवून ठेवला होता.

८.२५
नाश्ता. समोरच्या टपरीवरून आलूबोंडा आणि वर ओतलेला रस्सा, कागदी द्रोणात. दोघांचा चहा-नाश्ता धरून दिवसाचे १२० रुपये जातात. पोरगा दोन बोंडे खातो, मिस्त्री एक. खाताना बोलणं नाही. नऊनंतर खायला सवड मिळत नाही.

८.५०
मागचं चाक काढायला घेतलं. मोठी गोटी, तिला पाइपाचा तुकडा जोडून लांब केलेला दांडा. नट जागचा हलत नाही. गंजतेल मारून थांबले. मिस्त्री आरीच्या तारा बोटानं खरवडतात. पांढरट भुकटी निघते.

"खारं पाणी कोठं लागलं?"

धनुष्कोडी. रामेश्वरच्या पुढे रस्ता दोन समुद्रांच्या मधून जातो आणि टोकाला जाऊन संपतो. १९६४च्या डिसेंबरातल्या वादळानं ते गाव मोडलं, ते पुन्हा वसलं नाही. मी तिथं वाळूत गाडी लावून दुपारभर बसलो होतो. वारा सुटला होता. त्या वाऱ्यातलं मीठ नटाच्या आट्यांत जाऊन बसलं, हे आता कळतंय.

दुसऱ्यांदा जोर लावल्यावर नट सुटला. पोरगा जवळजवळ पडलाच.

९.१५
चाक बाहेर. ब्रेकचे पॅड नखाएवढे उरलेत. "घाट उतरले मोठा." तोही खरा. बंगळुरू-होसूर मागे पडलं की धर्मपुरी ते सेलममध्ये तोप्पूरचा उतार लागतो. पुढच्या ट्रकच्या मागचे लाल दिवे सारखे पेटतात आणि आपला पाय ब्रेकवरच राहतो.

मग मिस्त्रींचा हात समोरच्या क्रॅशगार्डवर थांबतो. तिथं तांब्याच्या तारेचा एक बांध आहे. कोविलपट्टीजवळ गार्डचा क्लॅम्प तुटला, तेव्हा रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं तो बांधून दिला होता. त्याला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. त्यानं बोटं दाखवून ३० रुपये मागितले. तेव्हापासून दीड हजार किलोमीटर झाले, बांध जागचा हललेला नाही.

मिस्त्री चष्मा लावतात. तार कुठून आत गेली, कुठून वळली, कुठं पिळली, ते नखानं माग काढत पाहतात. मोबाइल काढून तीन बाजूंनी फोटो घेतात.

"टोक आत दाबलंय त्यानं. म्हणून पँट फाटत नाही."

९.४०
नागपूरला फोन. माझ्या गाडीची चेन ५२० नंबरची. पांढरकवड्यात दुकानोदुकानी ४२८ मिळते, कारण इथं धावतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या. पहिला आकडा दोन खिळ्यांमधलं अंतर सांगतो, इंचाच्या आठव्या भागांत. चार म्हणजे अर्धा इंच, पाच म्हणजे त्याहून एक भाग जास्त. एकीच्या दातांवर दुसरी बसत नाही. ४२८चा चेन-स्प्रॉकेटचा संच हजाराच्या आसपास येतो. माझा ५,८००. मी फोनवरूनच नागपूरच्या दुकानाला पैसे पाठवले. माल दुपारच्या बसनं येईल, आणणाऱ्याला १५० द्यायचे. नागपूर इथून दीडशे किलोमीटर.

"बेअरिंगचं?"

"ते इथंच भेटते."

जुनं बेअरिंग आतल्या बाजूनं छन्नी लावून, फिरवून फिरवून ठोकून काढलं. पुसल्यावर कडेवरचा आकडा दिसला : ६२०४. आतलं भोक वीस मिलिमीटर, बाहेरचा व्यास सत्तेचाळीस. जगात कुठंही ६२०४ म्हटलं की हेच माप. पोरगा सायकलवर टांग टाकतो आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात जातो. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरीत हेच बेअरिंग असतं. वीस मिनिटांत तीन घेऊन येतो. १८० रुपयाला एक. दोन चाकाच्या हबमध्ये, तिसरं स्प्रॉकेटच्या मागचं. मिस्त्री ते तिसरं जुनं बेअरिंग बोटावर फिरवतात.

"हे चांगलं आहे. कायले बदलायचं?"

१०.३०
पाटणबोरीकडचा शेतकरी. गाडीच्या सीटवर आणि कॅरियरवर कापसाचा पांढरा बारीक तंतू चिकटलेला. शेतातून घरापर्यंत कापसाचं गाठोडं मोटरसायकलवरच येतं, एका खेपेला साठ-सत्तर किलो. गाडी रेस होते पण ओढत नाही. क्लच प्लेटा जळाल्या. झाकण उघडताच वास येतो.

मिस्त्री काम करतात, शेतकरी बाकावर बसून बोलतो. वेचणीला किलोमागे बारा रुपये झाले. बाया ऑटोनं येतात, ऑटोचं भाडं वेगळं. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर मोबाइलवर 'कपास किसान'मध्ये नोंद करायची आणि तारीख घ्यायची. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, पुढे टक्क्या-टक्क्याला कपात, बाराच्या वर घेतच नाहीत.

"मग वाळवून न्या."

"वाळवून वजन जाते नं बाप्पा."

प्लेटा-स्प्रिंगा ५५०, तेल ४००, मजुरी ३५०. तेराशे झाले. शेतकरी खिसा चाचपतो आणि सातशे काढतो. "सहाशे चुकारा आल्यावर देतो." मिस्त्री वहीत लिहितात. त्या पानावर त्याच नावापुढे एक जुना आकडाही आहे. तो खोडलेला आहे.

१२.१०
बेअरिंग बसवायचं. हब अ‍ॅल्युमिनियमचा, बेअरिंग पोलादाचं. थंड हबमध्ये ठोकलं तर तिरकं जातं आणि मग पाचशे किलोमीटरही टिकत नाही. पोरगा टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली आणतो. पाणी हबवर सावकाश ओतलं. वाफ येते. हब तापून केसभर फुगतो. नवं बेअरिंग वर ठेवलं, त्याच्यावर जुनं, आणि जुन्यावर हातोडी. एकदा इकडे, एकदा तिकडे. आवाज आधी पोकळ येतो, मग एकदम भरीव होतो. भरीव झाला की थांबायचं.

"कानानंच कळते. जास्त ठोकलं का गेलं."

हे त्यांना आदिलाबादच्या एका गॅरेजनं शिकवलं. पंधराव्या वर्षी तिथं गेले. पहिली दोन वर्षं पगार नव्हता, जेवण होतं. तेलुगू तिथंच शिकले. आजही गिऱ्हाईक दारात आलं की आधी नंबरप्लेट पाहतात आणि त्याप्रमाणे भाषा बदलतात. एमएच २९ असेल तर वऱ्हाडी, तेलंगणाची गाडी असेल तर तेलुगू.

१.३०
जेवण. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. हात आधी डिझेलनं, मग निरम्यानं, मग पाण्यानं धुवायचे. तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात. डबा उघडतो न उघडतो तोच टिपेश्वर अभयारण्यातला एक गाइड येतो. सुन्ना गेटवरून गाडी ढकलतच आणली नाही ना, असं मिस्त्री विचारतात. नाही, हवा भरत भरत आला. बाभळीचा काटा.

भाकर झाकून पोरगा उठतो. टॉमीनं टायर उचकटलं, ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे. कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पॅच ठोकला. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शोधून काढलं. ते राहिलं असतं तर संध्याकाळी हाच माणूस परत. ६० रुपये. आज आणखी दोन पंक्चर झालीत, तीही साठ-साठची. पोरग्यानं अकरा वाजता एका मास्तरांच्या स्कूटरचं सर्व्हिसिंगही उरकलं, मजुरी ३५०.

गाइडची सफारी पहाटे सुरू होते. थंडीत, अंधारात, जंगलाच्या कडेनं मोटरसायकलवर यायचं. पर्यटक उघड्या जिप्सीत असतात, ब्लँकेट पांघरून.

२.५०
मिस्त्री गाडीच्या ऑइल कूलरवर हवा मारतात. आधी पांढरा कापसाचा तंतू उडतो, मग तांबडी धूळ. तंतू आदिलाबादपासूनचा, तिथल्या जिनिंगांच्या रस्त्यावरचा. तांबडी माती अनंतपूरकडची. शेवटी आला तोच थर सगळ्यात आधी निघतो. मीही प्रवास आठवायला बसतो तेव्हा असंच होतं. कालचं ढाब्यावरचं जेवण पहिल्यांदा येतं; कन्याकुमारीला पोचलो ती सकाळ खूप खाली दबलेली असते, ती मुद्दाम खरवडून काढावी लागते.

रस्त्यावरून बोअर मारायची अवजड गाडी जाते. तमिळनाडूची पासिंग. तिरुचेंगोड भागातल्या या गाड्या हंगामभर इकडेच असतात. मी दाही दिशांना हिंडलो असं मला वाटत होतं. त्या गाडीवरची पोरं हाच रस्ता दरवर्षी करतात, लोखंडी पाइपांवर झोपून.

३.२०
झरीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, कोलाम माणूस. सोबत बायको आणि दोन लेकरं, चौघं एकाच गाडीवर. गाडी तीनदा बंद पडली. प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासला, फटीचं अंतर नजरेनंच ठरवलं, परत लावला. एका किकमध्ये सुरू. पण कॅरियरचा एक पाय मोडलाय आणि तो सुतळीनं बांधलाय. वेल्डिंग करायला ८० लागतील. माणूस काही बोलत नाही, बायकोकडे पाहतो.

मिस्त्री कोपऱ्यातल्या डब्यातून तांब्याची तार काढतात. जळालेल्या मोटरीतली, वाइंडिंगवाल्यानं टाकून दिलेली. मोबाइल बाकावर उभा करतात, फोटो मोठा करतात. पहिला प्रयत्न फसतो, तार पिळताना तुटते. दुसऱ्यांदा दुहेरी घेतात. आतून बाहेर, खालून वर, दोन वेढे आडवे, पक्कडीनं पीळ आणि टोक आत दाबलेलं. कॅरियर धरून हलवतात. मग स्वतः त्यावर बसून पाहतात.

"किती?"

"वीस. प्लगचे."

कोविलपट्टीचा बांध झरीकडे निघाला.

४.३५
बस आली. खोकं हातात घेऊन मिस्त्री आधी वजन करतात. मग नवी चेन जुन्या चेनीशेजारी बाकावर सरळ ठेवतात, दोन्हींच्या कड्या तितक्याच. जुनी बोटाच्या दोन पेरांनी लांब भरते. तेवढी ती खिळ्या-खिळ्यांत झिजलीय. जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून सुरीच्या पात्यासारखे झालेत.

पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, चेन, जोडकडी. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं फिरते तिकडे. उलटं लावलं तर कशाला तरी घासून क्लिप निघते आणि धावत्या गाडीत चेन सुटते. पोरगा क्लिप लावतो. मिस्त्री न पाहता विचारतात, "तोंड?" पोरगा वाकून पाहतो, काढतो, फिरवून लावतो.

ब्रेकचे पॅड मात्र मिळाले नाहीत. जुनेच घासून बसवले. "नागपूरवरी जाते. पुढचा ब्रेक वापरा."

६.२०
अंधार पडला. मिस्त्री गाडी घेऊन महामार्गावर केळापूरच्या बाजूला जातात. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नाहीत. दहा मिनिटांनी परत येतात आणि हबवर तळहात ठेवतात. कोमट आहे. गरम असता तर पुन्हा खोललं असतं.

तेवढ्यात फोन येतो. आतल्या एका गावाच्या वाटेवर एकाची गाडी बंद पडलीय, येता का? मिस्त्री नाही म्हणतात. सकाळी सातला येतो. जंगलाकडच्या रस्त्यानं ते दिवस मावळल्यावर जात नाहीत. २०१८च्या नोव्हेंबरात राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघीण मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. त्या वर्षी या भागातली शेतं दुपारी चारलाच रिकामी व्हायची. वाघीण गेली, पण सवय राहिली. टिपेश्वरात वाघ आहेत आणि ते अभयारण्याची हद्द वाचत नाहीत.

"त्याले सांगा, गाडी तिथंच राहू दे अन् दुसऱ्याच्या गाडीवर घरी जा."

७.४५
हिशेब. मिस्त्री वही उघडतात, पोरगा पाने पुसून खिळ्यांना लावतो. चौदाचा पाना सापडत नाही. तो माझ्या गाडीच्या सीटखाली निघतो.

मजुरी : दूधवाला ४०, तीन पंक्चर १८०, मास्तर ३५०, क्लच ३५०, प्लग २०, माझी गाडी ७००. एकूण १,६४०. तेलाच्या दोन बाटल्यांवर सुटलेले ८०. म्हणजे १,७२०. त्यातून पोरग्याचे ३००, चहा-नाश्ता १२०, भाड्यासाठी बाजूला १५०, विजेचे ५०. उरले अकराशे. शेतकऱ्याकडे सहाशे अडकलेत. हातात पाचशे.

"आजचा दिवस चांगला होता. तुमची गाडी रोज थोडी येते?"

मी बेअरिंगांचे ३६० आणि मजुरीचे ७०० देतो. पोरगा तिसरं बेअरिंग कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरतो, तुमच्या मापाचं आहे म्हणून. मिस्त्री ते त्याच्या हातातून घेतात.

"त्यायले कायले पाह्यजे? ते उद्या नागपूरले पोचतात."

मग माझ्याकडे वळून, "पाचशे किलोमीटर झाले का चेन ताणून घ्या. नवी चेन ढिली होते. अन् गाडी धुवा, खालून. मीठ राहिलं नाही पाह्यजे."

वहीच्या शेवटच्या पानावर ते गाडीचं मॉडेल लिहितात, पुढे चेन ५२०, बेअरिंग ६२०४, नागपूरच्या दुकानाचा नंबर. त्या पानावर आधीच सात-आठ ओळी आहेत. केरळ, पंजाब, पुणे. कागदातलं बेअरिंग ड्रॉवरमध्ये जातं. हातातल्या पाचशेचे आता ३२० राहिले.

"थंडीत येतातच तुमच्यासारखे," ते शटरचा दांडा हातात घेत म्हणतात. "एकशे ऐंशी अडकले तर अडकले. दोघातिघात एकाचं तरी बेअरिंग जाते."